पेटीवरचे चित्र आणि पेटीतले तुकडे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती बरी झाली की वाईट, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही, म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो. आमच्या सुरतेच्या घरात फळीवर जवळजवळ पंधरा वर्षे उभे असलेले एक लोखंडी-पितळी यंत्र मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या साहाय्याने सुटे केले. यंत्र साधेच होते. मेकॅनोच्या पट्ट्या, दांड्या आणि दातेरी चाके जोडून केलेले. परंतु त्यातला प्रत्येक स्क्रू माझ्या वडिलांनी आवळलेला होता, आणि त्यानंतर त्यांच्या हातून दुसरे काही झाले नाही.

वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणत. १९४४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बडोद्याच्या दरबारच्या कलावंत कारखान्यात तबलजी म्हणून रुजू झाले. नोकरी जेमतेम पाच वर्षांची ठरली, कारण १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. पण त्या पाच वर्षांवर ते पुढची साठ वर्षे जगले, असे म्हटले तरी चालेल. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझा जन्म झाला तेव्हा त्यांनी त्रेपन्नावे वर्ष गाठले होते. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, तो ऐकला. फैयाजखाँसाहेब मैफलीत शिरताना सभा कशी सावरून बसे, पखवाजाला कणीक कोणी आणि कशी लावायची, दसऱ्याच्या स्वारीत कोणाचे स्थान कुठे, हे सारे मला पाठ होते. दांडिया बजारातल्या जुन्या घरांतून अशा गोष्टी ऐकत वाढलेले माझ्यासारखे पुष्कळ जण हे वाचत असतील.

मेकॅनोची पेटी आमच्याकडे आली तीही बिदागी म्हणून. एका सरदार घराण्यातल्या मुलाला अण्णा तबला शिकवायला जात. मुलगा मोठा झाला, शिक्षणासाठी बाहेर जायला निघाला, तेव्हा दसऱ्याला त्या घरून शाल आणि नारळ यांबरोबर ही पेटीही आली. मुलगा म्हणाला, “गुरुजी, आता मला याचा उपयोग नाही.” अण्णांनाही काय उपयोग होता? तेव्हा ते अविवाहित होते. पण बिदागी परत करायची नसते, म्हणून पेटी घरी आली.

एका कारकुनाचा खेळ

ही मेकॅनो म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नावाच्या कारकुनाने आपल्या मुलांसाठी घरीच पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. १९०७ साली तिला मेकॅनो हे नाव मिळाले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर १९१४ पासून तिचा मोठा कारखाना चालला आणि तो १९७९ साली बंद पडला.

त्याच्याआधी खेळण्यातली यारी म्हणजे यारीच असे. हल्ली आपण जिला क्रेन म्हणतो तीच ही यारी. ती तुटली की खेळ संपला. हॉर्नबीने पट्टी अशी केली की ती कोणत्याच एका वस्तूची नव्हती. दोन भोकांमध्ये नेहमी अर्धा इंच अंतर, त्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला कुठेही जोडता येते. आज जी यारीचा हात आहे, तीच उद्या पुलाची कड होते आणि परवा गाडीचा दांडा. पेट्यांना क्रमांक असत. खालच्या क्रमांकाच्या पेटीला एक जोडपेटी विकत घेतली की वरच्या क्रमांकाची पेटी तयार होई. प्रत्येक पेटीबरोबर नमुन्यांचे पुस्तक येई आणि त्यात एकाच सामानातून होणारी अनेक मॉडेले दाखवलेली असत. १९१६ पासून कंपनीचे मासिकही निघू लागले. मुलांनी स्वतःच्या डोक्याने केलेल्या नमुन्यांना बक्षिसे देण्याची पद्धत तिथे मोठी लोकप्रिय होती.

आणि हा नुसता पोरखेळ नव्हे. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर या दोघांनी प्रामुख्याने मेकॅनोच्याच भागांतून एक गणिती यंत्र उभे केले. अणूच्या रचनेसंबंधीची किचकट समीकरणे ते चाके फिरवून सोडवी. खर्च आला सुमारे २० पौंड. सुरतकरांना ऐकून मौज वाटेल की मेकॅनोच्या जुन्या मोठ्या नमुन्यांत खरोखर कापड विणणारा माग होता. त्याचा धोटा इकडून तिकडे जाई आणि गळ्यात बांधण्याच्या टायपुरते अरुंद कापड त्यावर विणून निघे.

आमची पेटी निळ्या-सोनेरी रंगाची होती. पत्रे निळे, त्यांवर सोनेरी रेघांची जाळी, आणि पट्ट्या सोनेरी. हा रंग १९३४ पासून युद्धाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतच काढत असत, त्यावरून पेटीचा काळ कळतो. नमुन्यांचे पुस्तक मात्र पेटीत नव्हते. असते तरी अण्णांना त्याचा फारसा लाभ झाला नसता, कारण इंग्रजीशी त्यांचा परिचय आगगाडीच्या तिकिटापुरताच होता. झाकणावर एक चित्र होते. दोन गोरे मुलगे एका उंच यारीपुढे ओणवे झालेले.

अकरा आणि पाच पंधरा

पुस्तक नाही हे अण्णांच्या पथ्यावर पडले. त्यांनी पेटीतल्या सामानाची यादी स्वतःच्या हाताने लिहून काढली आणि भागांना स्वतःच नावे दिली. पंचवीस भोकांची लांब पट्टी ती “पंचवीस मात्रा”, तिच्याहून लहान ती “अकरा मात्रा”, सर्वांत धाकटी “पाच मात्रा”. एकदा मी विचारले, “अण्णा, अकरा आणि पाच सोळा, म्हणजे त्रिताल झाला ना?” त्यांनी दोन्ही पट्ट्या टोकाला टोक ठेवून स्क्रूने जोडल्या आणि म्हणाले, “मोज.” मोजली तर भोके पंधराच. जोडताना एक भोक दुसऱ्याच्या भोकावर ठेवावे लागते, ते दोघांत एकच धरायचे. “तिहाई संपते तीही समेवर आणि नवे आवर्तन सुरू होते तेही समेवर. सम दोघांची मिळून एकच,” असे ते म्हणाले. ही गोष्ट मी आजतागायत शाळेत त्या दोन पट्ट्यांनीच शिकवतो आणि अजून कोणाला दोनदा सांगावी लागलेली नाही.

त्या पेटीतून त्यांनी काय काय केले! गणपतीच्या आरासीत पडद्याआडून दोरी ओढली की आपोआप झुलणारा पाळणा केला. वही ठेवायची घडीची घोडी केली. कमाटीबागेच्या फाटकाशी उभा राहतो तसा टांगा केला, त्याचे चाक फिरले की घोड्याची मान खालीवर होई. यांतले एकही झाकणावरच्या चित्रात नव्हते, कुठल्या पुस्तकातही नसावे. आणि एक नियम कडक होता. मॉडेल चौथ्या दिवशी मोडायचे. सर्व भाग यादीप्रमाणे मोजून पेटीत, नट आणि स्क्रू तपकिरीच्या रिकाम्या डब्यांत. दिवाळीचा किल्ला जसा आपण मांडतो आणि काढतो, गणपती जसा बसवतो आणि बोळवतो, तसेच हे.

मला मात्र यारी पाहिजे होती. झाकणावरची, तश्शीच. १९८८ साली, नऊ वर्षांचा असताना, मी ती तीन दिवस खपून निम्मीशिम्मी उभी केली. चौथ्या दिवशी शाळेतून आलो तो पट्ट्या पेटीत आणि अण्णा यादीवर खुणा करीत बसलेले. मी रडून घर डोक्यावर घेतले. आई म्हणाली, “लहान आहे, राहू द्यायची होती आणखी दोन दिवस.” अण्णा एवढेच म्हणाले, “पेटीवरचे चित्र म्हणजे पेटी नव्हे.” त्यानंतर पुष्कळ वर्षे मी त्या पेटीला हात लावला नाही.

माझा राग केवळ यारीचा नव्हता, हे मला आता कळते. ज्या माणसाने खेळण्यात चित्राप्रमाणे काही करू दिले नाही, तोच माणूस तबल्यावर एक बोलसुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नसे. कायदा शिकवताना त्यातला एखादा पलटा मी आपल्या मनाने वाजवला आणि कायद्यात नसलेला एखादा “तिरकिट” त्यात घुसला, की मांडीवर टिचकी बसलीच. इथे मोकळीक आणि तिथे तुरुंग, हा काय न्याय? पुढे मीच मुलांना शिकवू लागलो तेव्हा उलगडा झाला. तबल्याचा कायदा म्हणजे बोलांची एक पेटीच आहे. पलटे करायचे ते पेटीतल्याच तुकड्यांचे. ते पुढेमागे करा, दुप्पट घ्या, उलटवा, तुम्हाला सारी मुभा आहे. बाहेरचा बोल मात्र आणायचा नाही आणि शेवटी तिहाईने सारे बांधून समेवर हिशेब पुरा करायचा. अण्णा दोन्हीकडे एकच नियम पाळत होते. मोकळीक मांडणीत, मोजणीत नव्हे.

गाणाऱ्यांना तर हे नवे नाही. सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर घ्या. गंधाराला मान दिलात तर भूप होतो, धैवताला दिलात तर देशकार. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. हेच पाच स्वर हलवायचे नाहीत, फक्त षड्ज कोणाला मानायचे ते बदलायचे. गंधाराला षड्ज माना, मालकंस मिळतो. पंचमाला माना, दुर्गा. धैवताला माना, धानी. सामान तेच आणि तेवढेच. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे तर सहाही स्वर एक, आणि तरी जाणता श्रोता दोन स्वरांत सांगतो की हा कोण. बडोद्याच्या ज्या गायनशाळेची सुरुवात १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हस्ते केली, तिच्यात पहिल्या वर्षापासून मुले जे घोटत आली, त्याचे मर्म हेच आहे.

सुरत

आता स्वतःबद्दल थोडे सांगणे भाग आहे. मी वादक व्हावे अशी अण्णांची इच्छा होती. नुसती इच्छा नव्हती, तो त्यांच्या मनातला आराखडाच होता. त्यांची स्वतःची दरबारी नोकरी जिथे तुटली तिथून पुढे मी वाजवायचे होते. मी बारा वर्षे रियाज केला. हात तयार झाला, पण मैफलीचा झाला नाही. समोर माणसे बसली की बोटे आखडत. हे मला विसाव्या वर्षी कळले आणि अण्णांना त्याच्या आधी कळले असले पाहिजे, पण बोललो आम्ही कोणीच नाही. तेविसाव्या वर्षी मी सुरतेत संगीतशिक्षकाची नोकरी धरली. निघताना नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, “शाळेत?” एवढाच प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनाही नको होते आणि माझ्यापाशीही नव्हते.

सुरतेचे नाव काढले की आपल्या लोकांना शिवाजीमहाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. आजची सुरत यंत्रमागांची आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांच्या मुलांसाठी नगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. माझ्या वर्गातली बहुतेक मुले मागवाल्यांची. तबले दोन जोड्या आणि मुले पन्नास. तेव्हा बाकांवर टाळ्या देऊनच ताल शिकवायचे. पण सांगायची गोष्ट ही की त्या मुलांची लय जन्मजात पक्की होती. अहोरात्र खडखडणाऱ्या मागांच्या शेजारी जी मुले झोपतात, त्यांना लय वेगळी कोण शिकवणार?

आई गेल्यावर, २००३ साली, अण्णा माझ्याकडे अडाजणला राहायला आले. येताना तबल्याची जोडी आणि मेकॅनोची पेटी एवढेच आणले. तबल्याला ते क्वचित हात लावीत. माझ्या शाळेबद्दल कधी विचारत नसत.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. आमचे घर तळमजल्यावर. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चार दिवस काढले. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर घरभर गुडघ्याएवढा गाळ. तबला गेला. तानपुऱ्याचा भोपळा फुटला. अण्णांच्या दरबारच्या वेळची कागदपत्रे, दोन छायाचित्रे, सगळ्याचा लगदा झाला. मेकॅनोची पेटी कपाटाखाली उलटी सापडली. अण्णांनी ती अंगणात ओतली आणि बादलीत एकेक तुकडा धुऊ लागले. पोलादी पट्ट्यांचा सोनेरी रंग सुटला होता आणि खाली गंज धरला होता. पुष्कळ पट्ट्या टाकाव्याच लागल्या. पण दातेरी चाके पितळेची होती. चिखल निघताच ती उन्हात अशी चमकली की अण्णा कितीतरी वेळ एक चाक हातात धरून बसून राहिले. त्यांनी नवी यादी केली. जुन्या यादीच्या निम्मीही भरली नाही.

त्यानंतर त्यांनी ज्या वस्तू केल्या, त्या माझ्या सर्वांत आवडत्या. सामान कमी झाले आणि कल्पना वाढली. २००८ च्या उत्तरायणाला त्यांनी पतंगाची फिरकी केली. सुरतेत संक्रांतीचे दोन दिवस आकाश दिसत नाही इतके पतंग असतात. पेच लागून पतंग कटला की लोंबणारा मांजा चटकन गुंडाळणे हेच फिरकी धरणाऱ्याचे काम. अण्णांनी हाताच्या दांडीवर सत्तावन दात्यांचे चाक बसवले आणि ते मांजाच्या रिळावरच्या एकोणीस दात्यांच्या चाकाशी भिडवले. एकोणीस त्रिक सत्तावन. हाताचा एक फेरा झाला की रिळाचे तीन. गच्चीवरची पोरे थक्क झाली. अण्णा त्यांना म्हणाले, “याला आमच्यात तिगुन म्हणतात.”

आणि २००९ च्या दिवाळीत ते यंत्र केले. एक हँडल, तीन दांड्या. हँडलच्या दांडीवर सत्तावन दात्यांचे आणि पन्नास दात्यांचे अशी दोन चाके. पहिले एकोणिसाच्या चाकाला फिरवी, दुसरे पंचविसाच्या. प्रत्येक दांडीला एक लहानशी बोटी. ती फिरताना एका पट्टीला उचलून सोडी आणि पट्टी खालच्या डब्याच्या झाकणावर टक्कन पडे. हँडल एकदा फिरवले की मोठ्या झाकणावर एक ठोका, मधल्यावर दोन, धाकट्यावर तीन. बरोबर, दुगुन आणि तिगुन एकाच वेळी कानावर पडत आणि तिन्ही दर फेऱ्याला समेवर एकत्र येत. तोंडी समजावताना माझे दोन-दोन आठवडे जात, ते यंत्र एका मिनिटात दाखवी.

मी विचारले, “हे कशासाठी?” ते म्हणाले, “तुझ्या पन्नास पोरांसाठी. दोन तबल्यांत किती भागणार?”

शाळेबद्दल त्यांनी माझ्याशी काढलेले हे पहिले बोलणे. सात वर्षांत पहिलेच. मी यंत्र वर्गात नेले. मुलांनी हँडलसाठी झुंबड केली. संध्याकाळी अण्णांनी सगळे तपशीलवार विचारून घेतले. कोणाला आधी कळले, कोणाला तिगुन जड गेली, झाकणांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो का. चौथा दिवस आला आणि गेला. यंत्र मोडायचे त्यांनी काढले नाही. मला ते लागते म्हणून असेल. २०१० च्या उन्हाळ्यात ते गेले. यंत्र मी घरी आणले आणि फळीवर ठेवले. पुसायचो, पण फिरवत नसे. कुठे काही निसटले तर ते पुन्हा त्यांच्या हातचे कसे राहणार?

नऊ वर्षांचे आणि अकरा वर्षांचे

माझ्या मुलीच्या पिढीचा खेळ लेगोच्या विटांचा. हा डेन्मार्कच्या बिलुंड गावचा. सध्याची एकमेकींत घट्ट बसणारी वीट १९५८ सालची, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेलाही बसते. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतील, याचे गणित एका डॅनिश गणितज्ञाने संगणकावर केले. उत्तर आले ९१,५१,०३,७६५. सहा विटांतून एक्क्याण्णव कोटींवर! अलीकडे एकाच पेटीतून तीन वेगवेगळ्या वस्तू कशा करायच्या, याच्या पुस्तिकाही मिळतात. तरी बहुतेक घरांत पाहावे तो पुस्तिकेप्रमाणे एक मॉडेल होते आणि ते काचेच्या कपाटात जाते. माझी मुलगीही यातलीच होती. आणि कपाटात ठेवण्याचा पाठ तिने कोणाकडून घेतला असेल, हे मी कोणत्या तोंडाने विचारावे?

महागड्या पेट्यांवाचूनही हे होते. अरविंद गुप्ता हे आय. आय. टी.चे इंजिनियर. १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात खेड्यातल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे बारीक तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या यांची मेकॅनो काढली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे असली खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी वर्गात हा प्रयोग पुष्कळदा करतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. त्याला एक तिरकी काडी द्या, उभा राहिला. गंधार आणि निषाद जरा ढळला की सारा राग कसा कलतो, हे सांगायला मला दुसरे चित्र सापडलेले नाही.

गेल्या दिवाळीत वर्गातल्या एका मुलाचे वडील फराळाला आले. ते यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालता ठेवणारे. फळीवरचे यंत्र त्यांनी पाहिले आणि विचारले, “सर, हे फिरवू का?” मी नाही म्हणायच्या आत हँडल फिरले. टक्, टक्टक् झाले, पण तिगुनेचा ठोका समेनंतर पडला. कानाला खडा लागल्यासारखे झाले. त्यांनी वाकून पाहिले. “चाकाचा स्क्रू ढिला झालाय. दांडी फिरते, चाक मागे राहते. बंद ठेवलं म्हणून झालं सर. यंत्र चालतं राहिलं तर कुठे ढिलं झालं ते लगेच कळतं.”

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, आबा सगळी मॉडेल चौथ्या दिवशी मोडायचे ना? तूच सांगतोस. मग हे का नाही?”

मी पुष्कळ उत्तरे देऊन पाहिली. हे शेवटचे आहे. हे शाळेचे आहे. हे पुरातून वाचलेले आहे. तिने सगळी ऐकून घेतली आणि पुन्हा विचारले, “म्हणजे आबांना हे मोडायचं नव्हतं?”

याचे खरे उत्तर असे होते की अण्णांनी ते माझ्यासाठी ठेवले, वापरायला. आणि मी पंधरा वर्षे वापरले नव्हते. ज्या माणसाने पेटीवरच्या चित्राला पेटी मानू नको म्हटले, त्याचेच मी चित्र करून फळीवर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना पंचा पसरला आणि आम्ही दोघे बसलो. दोन नट गंजाने धरले होते. जॉबरांनी दिलेले तेल घालून तासभर थांबावे लागले. पहिला स्क्रू सुटला तेव्हा माझा हात थांबला. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि पाना स्वतःच्या हातात घेतला. बाकीचे तिनेच केले. मी अण्णांची दुसरी यादी वाचत गेलो, ती मोजून ठेवत गेली. “अकरा मात्रा, सात.” “सात.” “पाच मात्रा, बारा.” “बारा.” घरात कित्येक वर्षांनी कोणी मात्रा मोजत होते.

चार दिवस ती कशाला तरी लागली होती. मला बघू देत नव्हती. मग एका संध्याकाळी तिने मला गच्चीच्या कठड्याशी नेले. आम्ही आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. कठड्याला तिने पट्ट्यांचा एक हात बाहेर काढून बांधला होता, त्यावरून दोरी आणि दोरीला भाजीची टोपली. हँडल एकोणीस दात्यांच्या चाकावर होते आणि त्याने सत्तावन दात्यांचे चाक फिरत होते. अण्णांच्या फिरकीचे तेच दोन भाग, पण उलटे लावलेले. तिथे वेग तिप्पट होत होता. इथे वेग तिसरा हिस्सा आणि जोर तिप्पट. खाली भाजीवाल्याने दोन किलो बटाटे घातले आणि ते सावकाश, डुलत वर आले.

ती यारीच होती. झाकणावरची नव्हे. झाकण तर पुरात विरघळून गेले, तिने ते कधी पाहिलेच नाही. मला नऊ वर्षांचा असताना जी हवी होती ती मात्र हीच, असे मला वाटले. कोणी तरी बघावी म्हणून नव्हे, बटाटे वर यावेत म्हणून उभी केलेली.

वर्गासाठी आम्ही लययंत्र पुन्हा जोडणार आहोत. या वेळी मुलांच्याच हातून, आणि सत्र संपले की सुटे करायचे. ते अण्णांच्या यंत्रासारखे होणार नाही, आणि त्याची खंत मला वाटणार नाही असे मी म्हणत नाही.

बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे, अशा पेट्या अजून पडलेल्या असतील. कोणाच्या आजोबांची, कोणाच्या काकांची. काही भाग हरवलेले, काही गंजलेले. अपुरी आहे म्हणून ती टाकून देऊ नका, आणि जुनी आहे म्हणून काचेतही ठेवू नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी खाली काढा, घरातल्या मुलांपुढे ओता आणि त्यांच्या हाती पाना द्या. चित्र दाखवू नका.

टोपलीची यारी मोडायचा दिवस काल होता. सारे भाग यादीप्रमाणे भरले. एक नट तेवढा कमी आहे. मुलगी कपाटाखाली विजेरी घेऊन शोधते आहे.